वडिलांना सांगता न येणारे काम

‘मी भूजलशास्त्रात संशोधन करते. गेली चौदा वर्षे माझे या विषयातील सर्व वाचन, लेखन आणि अध्यापन इंग्रजीतूनच झाले आहे. माझ्या वडिलांनी उभी हयात विहिरींच्या खोदकामावर मुकादम म्हणून काढली. मागच्या महिन्यात त्यांनी सहज विचारले, “तू नेमके काय शोधून काढलेस, ते मला सांग ना एकदा.” मला सलग चार वाक्येही सांगता आली नाहीत. प्रत्येक वाक्यात इंग्रजी शब्द येत होते आणि मला त्याची लाज वाटत होती. शेवटी तेच म्हणाले, “म्हणजे मांजऱ्या खडक लागला की तो पाणी धरून ठेवतो आणि काळा पाषाण लागला की भेगा शोधाव्या लागतात, हेच ना?” माझ्या प्रबंधाचे जवळजवळ एक प्रकरण त्यांनी एका वाक्यात सांगितले, आणि त्यातला ‘मांजऱ्या’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा सात वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. आजोबा बोलतात ते त्याला कळते, पण उत्तर तो इंग्रजीतच देतो. माझे पती म्हणतात की दोन भाषांचे ओझे मुलावर नको. माझे एक सहकारी म्हणतात की जग एका भाषेकडे चालले आहे, त्यात वाईट काहीच नाही आणि माझी हळहळ ही निव्वळ भावुकता आहे. मी मुलाची शाळा बदलू का? स्वतः मराठीत लिहायला लागू का? की जे चालले आहे ते मुकाट्याने स्वीकारू?’
— एक संशोधक

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला दीडशे वर्षांपूर्वीचे एक पत्र आठवले. १८७२ साली मोरी आरिनोरी नावाच्या एका तरुण जपानी मुत्सद्द्याने अमेरिकेतील येल येथील भाषापंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना लिहिले होते की आपल्या देशाने व्यापारासाठी आणि ज्ञानासाठी इंग्रजी स्वीकारावी असा आपला विचार आहे. मात्र तिचे अनियमित वर्णलेखन आणि क्रियापदांची अनियमित रूपे आधी सरळ करून घ्यावीत. मोरी तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते. पुढे तेच जपानचे शिक्षणमंत्री झाले. व्हिटनींची स्वतःची भाषा इंग्रजी होती, त्यामुळे त्यांना हा प्रस्ताव सुखावणारा वाटला असता तरी नवल नव्हते. त्यांनी मात्र त्याला पाठिंबा दिला नाही. इंग्रजीला विद्वत्तेची भाषा म्हणून खुशाल स्थान द्या, पण सामान्य जनतेपर्यंत पोहोचायचे असेल तर ते मुख्यतः तिच्या स्वतःच्या भाषेतूनच साधेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. लंडनमध्ये शिकणारे बाबा तात्सुई हे दुसरे जपानी तरुण तर या प्रस्तावाने इतके अस्वस्थ झाले की त्यांनी १८७३ मध्ये जपानी भाषेचे व्याकरणच इंग्रजीतून प्रसिद्ध केले. शिक्षण इंग्रजीत गेले तर वरच्या आणि खालच्या वर्गांत समान विचारच उरणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

जपानने जे केले ते या दोघांच्या सल्ल्याच्या जवळ जाणारे होते. निशी आमाने यांच्यासारख्या अभ्यासकांनी पाश्चात्त्य विद्या मुळातून वाचल्या आणि त्यांच्यासाठी चिनी आणि जपानी भाषांना सामाईक असलेल्या चित्रलिपीत नवे शब्द घडवले. तत्त्वज्ञानासाठी त्यांनी योजलेला ‘तेत्सुगाकु’ हा शब्द त्याच चित्रलिपीच्या आधाराने पुढे चिनी आणि कोरियन भाषांनीही उचलला. सुरुवातीला तोक्योच्या विद्यापीठात परदेशी अध्यापक इंग्रजीतून आणि जर्मनमधून शिकवीत. हळूहळू त्यांची जागा जपानीतून शिकवणाऱ्या जपानी अध्यापकांनी घेतली. परकी भाषा शिकणे आणि आपली भाषा कामावरून काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले होते. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे मूळ तिथेच आहे.

आधी लाजेचा प्रश्न बाजूला करते, कारण तो सर्वांत हलका आहे. तुमच्या वाक्यात इंग्रजी शब्द येतात यामुळे भाषा मरत नाही. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. आज इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच आणि लॅटिन उगमाचे आहेत, आणि तरीही तीच भाषा आज इतरांच्या काळजीचे कारण झाली आहे. आपल्याकडे सतराव्या शतकात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश तयार झाला, तरी अर्ज, कायदा, हुकूम, शहर आणि जमीन हे शब्द ठाण मांडून बसलेच, आणि आता त्यांना परके म्हणायला कोणी धजावणार नाही. ‘पावसाळ्यात हा थर चांगला रिचार्ज होतो’ हे वाक्य मराठीच आहे. त्याचा कणा मराठी आहे, एक दागिना तेवढा उसना आहे. तेव्हा शब्द मोजत बसू नका. तुम्हाला चार वाक्ये सलग सांगता आली नाहीत ती इंग्रजी शब्द आडवे आले म्हणून नव्हे. त्या विषयावर मराठीत विचार करण्याची वेळच चौदा वर्षांत तुमच्यावर कधी आली नव्हती.

उत्तर युरोपातील भाषाअभ्यासकांनी या स्थितीला क्षेत्रलोप अशा अर्थाचे नाव दिले आहे. भाषा जिवंत असते, घरात, गाण्यांत, निवडणुकीच्या सभांत ती ठणठणीत असते, पण तिच्या हातून एकेक क्षेत्र निसटत जाते. आधी प्रबंध जातो, मग पाठ्यपुस्तक, मग वर्गातील व्याख्यान, मग प्रयोगशाळेतील गप्पा. आणि एके दिवशी त्या क्षेत्रातील माणसाला घरी जेवताना आपल्या कामाविषयी बोलायला शब्द सापडत नाहीत. ही चिंता करणारे देश दुबळे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वीडन आणि डेन्मार्क येथील विद्यापीठांत इंग्रजीचा वापर इतका वाढला की नॉर्डिक देशांनी २००६ मध्ये एक संयुक्त भाषाविषयक जाहीरनामा काढून समांतर भाषावापराचे तत्त्व मांडले: एकाच क्षेत्रात इंग्रजी आणि देशाची भाषा या दोन्ही वापरात राहाव्यात, एकीने दुसरीला हुसकावू नये. स्वीडनने तर २००९ मध्ये कायदा करून स्वीडिश ही देशाची मुख्य भाषा आहे असे प्रथमच कायद्यात लिहून ठेवले. तोपर्यंत तसे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

आता तुमच्या वडिलांचा ‘मांजऱ्या’ हा शब्द घेऊ, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा ऐवज तोच आहे. सच्छिद्र, भुसभुशीत खडक आणि घट्ट, काळा खडक यांतील फरक विहीर खोदणाऱ्यांनी हातातील पहारीच्या आवाजावरून शिकलेला असतो, आणि त्या अनुभवाला त्यांनी नावे दिलेली असतात. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना तुमचे शोधनिबंध वाचता येत नाहीत, आणि तुम्हाला त्यांचे शब्द ठाऊक नाहीत. इंग्रजीच्या एकहाती सत्तेचा हा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्ञान वरून खाली झिरपत नाही हे आपण नेहमी बोलतो. खालून वरही ते चढत नाही, याकडे मात्र आपले लक्ष नसते.

तुम्ही संशोधक आहात, तेव्हा आकडे मागाल. तात्सुया आमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैवविविधता-संवर्धनाविषयी २०१४ या एका वर्षात प्रसिद्ध झालेले साहित्य सोळा भाषांत शोधले. त्यांना ७५,५१३ लेखन-नोंदी सापडल्या आणि त्यांपैकी ३५.६ टक्के इंग्रजीखेरीज अन्य भाषांत होत्या. म्हणजे जो अभ्यासक केवळ इंग्रजी वाचतो आणि आपण सर्व काही वाचले असे समजतो, त्याच्या नजरेतून एक तृतीयांशाहून अधिक साहित्य सुटते. चीनमध्ये डुकरांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे निष्कर्ष २००४ मध्ये चिनी भाषेतील नियतकालिकांत छापले गेले होते, पण ते चिनीत होते म्हणून आंतरराष्ट्रीय आरोग्यवर्तुळाच्या लक्षात सुरुवातीला आलेच नाहीत. याच आमानो यांनी २०२३ मध्ये आठ देशांतील ९०८ पर्यावरण-संशोधकांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना वाचायला, लिहायला आणि व्याख्यानाची तयारी करायला लक्षणीय अधिक वेळ लागतो, आणि केवळ लेखनातील इंग्रजीच्या कारणावरून त्यांचे निबंध नाकारले जाण्याचे प्रमाण सुमारे अडीचपट आहे, असे त्यात दिसून आले. हा कर तुम्ही चौदा वर्षे भरला आहे. कदाचित तो कर आहे हेच तुमच्या लक्षात आले नसेल.

तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. त्यांना मी झटकून टाकणार नाही, कारण त्यांच्या बोलण्यात अर्धे तरी सत्य आहे. इंग्रजी आज इंग्लंड-अमेरिकेची खाजगी मालमत्ता राहिलेली नाही. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे. स्थानिक भाषा म्हणजे आपोआप न्याय्य भाषा, असेही नसते. ज्यांना आपल्याच समाजाने पाठशाळेच्या दारात उभे केले नाही, त्यांच्यासाठी परकी भाषा हीच पुष्कळदा मोकळी वाट ठरते. आणखी एक गोष्ट आपण इंग्रजीवर रोष धरताना विसरतो. सालिकोको मुफ्वेने या भाषाशास्त्रज्ञाने आफ्रिकेच्या संदर्भात वारंवार दाखवले आहे की तिथल्या लहान भाषांना गिळणारी भाषा बहुधा इंग्रजी नसते, तर शेजारची मोठी देशी भाषा असते. टांझानियात स्वाहिलीने आणि इंडोनेशियात इंडोनेशियनने हेच केले. आपल्या मराठीच्या सावलीत कोणत्या भाषा खुरटल्या, याचा विचार आपणही कधीतरी करायला हवा. पण तो या पत्राचा विषय नाही.

सहकाऱ्यांच्या उरलेल्या अर्ध्या म्हणण्याशी मात्र मी मुळीच सहमत नाही. एक भाषा झाली की सलोखा होतो, ही कल्पना इतिहासापुढे टिकत नाही. रवांडातील जवळजवळ सर्व लोक किन्यारवांडा बोलत होते आणि १९९४ चा नरसंहार त्याच भाषेत झाला. सोमालिया हा आफ्रिकेतील भाषिकदृष्ट्या सर्वांत एकजिनसी देशांपैकी एक, आणि तिथली यादवी सर्वांना ठाऊक आहे. एक भाषा सर्वांना समान संधी देते, हेही खरे नाही. ज्यांची ती जन्मजात आहे त्यांना ती फुकट मिळते, बाकीच्यांना विकत घ्यावी लागते. स्विस अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ग्रँ यांनी २००५ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, युरोपात इंग्रजीला असलेल्या वर्चस्वामुळे एकट्या ब्रिटनला दरवर्षी किमान १० अब्ज युरोंचा निव्वळ लाभ होत होता: शिकवणीचा बाजार, पुस्तके, आणि स्वतःच्या मुलांना परक्या भाषा शिकवण्यावरील वाचलेला खर्च. भावुकतेचा आरोप करणाऱ्या सहकाऱ्यांना हा ताळेबंद दाखवा. त्यात भावनेचा लवलेश नाही.

शिवाय ‘इंग्रजी की मातृभाषा’ असा प्रश्न टाकणारे लोक एक साधी गोष्ट पाहत नाहीत: समर्थ माणसांनी दोन्ही भाषांना वेगवेगळी कामे दिली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा अभ्यास केला, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध इंग्रजीत लिहिला, राज्यकर्त्यांपुढील निवेदने इंग्रजीत दिली. त्याच माणसाने १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे मराठीत काढली, कारण ज्यांना जागे करायचे होते ते लोक मराठी वाचत होते किंवा दुसऱ्याने वाचून दाखवलेली मराठी ऐकत होते. कोणाशी बोलायचे आहे यावरून त्यांनी भाषा ठरवली. मोठ्या भाषेत लिहिले म्हणजे आपोआप सर्वांशी बोलणे झाले, हा भ्रम त्यांना नव्हता. तो आपल्या पिढीला झाला आहे.

मुलाविषयी तुम्ही विचारलेले मी मुद्दाम मागे ठेवले, कारण तिथे घाईने दिलेला सल्ला नुकसान करतो. पहिली गोष्ट, दोन भाषांचे ओझे हा समज आपण सोडून द्या आणि पतींनाही सोडायला सांगा. मुले दोन भाषा मिसळून बोलतात ते गोंधळामुळे नव्हे. हाताशी असलेले साहित्य ती वापरत असतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९७० च्या दशकात एक उपयुक्त भेद केला होता. नवी भाषा पहिलीच्या शेजारी येऊन बसते तेव्हा ती बेरजेची द्विभाषिकता, आणि नवी भाषा पहिलीला उठवून तिच्या जागी बसते तेव्हा ती वजाबाकीची. कॅनडातच जिम कमिन्स यांनी पुढे मांडले की एका भाषेत पक्के झालेले वाचन-लेखन आणि तर्क करण्याचे कौशल्य दुसऱ्या भाषेत उतरते. म्हणजे तुमचा मुलगा मराठीत एखादी गोष्ट कारणांसह सांगायला शिकला, तर त्याचे इंग्रजीही त्यातून सुधारेल. वजाबाकी कुठे होते हे ओळखणे मात्र आईबापांचे काम आहे, आणि तुमच्या घरात ती सुरू झाली आहे.

भाषा समजते पण बोलत नाही, ही अवस्था उंबरठ्यावरची असते. बेल्जियमच्या फ्लँडर्स या भागातील सुमारे १,९०० द्विभाषिक कुटुंबांची पाहणी ॲनिक दे हाउवेर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही चारांपैकी जवळजवळ एका कुटुंबातील मुले ती भाषा बोलत नव्हती, असे त्यात आढळले. आईबाप दोघेही घरात ती भाषा बोलत होते तिथे ती बहुधा टिकली. दोघांनीही मोठी भाषा वापरायला सुरुवात केली तिथे ती निसटली. यावरून तुमच्यासाठी निघणारा निष्कर्ष अगदी व्यावहारिक आहे. मुलगा इंग्रजीत उत्तर देतो म्हणून त्याला रागावू नका, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही स्वतः इंग्रजीत जाऊ नका. त्याने इंग्रजीत सांगितलेले तुम्ही मराठीत पुढे न्या. ‘मराठीत बोल’ अशी आज्ञा देण्यापेक्षा ज्यांच्याशी इंग्रजीत बोलून काम भागतच नाही अशा माणसांच्या सहवासात त्याला ठेवा. तुमचे वडील हे त्यासाठी उपलब्ध असलेले सर्वोत्तम शिक्षक आहेत, फक्त त्यांच्यासाठी तुम्ही दुभाषीपण करणे थांबवा. आजोबांना कळले नाही की मुलाला शब्द शोधावा लागेल, आणि भाषा त्या शोधातच येते.

आणि त्याला मराठी वाचायला शिकवा. केवळ बोलीवर टिकलेली भाषा मुलाला बालपणाच्या विषयांपलीकडे नेत नाही. तो वीस वर्षांचा होईल तेव्हा त्याच्याकडे सात वर्षांच्या मुलाची मराठी असेल आणि तिला तो प्रेमाने पण थोडा कमीपणानेच वागवील. आज यंत्रेही मुलांशी इंग्रजीत बोलतात. महाजालावरील मजकुराचा सुमारे निम्मा भाग इंग्रजीत आहे, आणि मुलगा कंटाळला की हात तिकडेच जातो. तिथे बंदी घालून फारसे काही साधत नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवण्याने मात्र साधते. नात्यांच्या शब्दांकडेही थोडे लक्ष द्या. काका, मामा, आत्या, मावशी यांची सरसकट ‘अंकल-आंटी’ झाली की नाती संपत नाहीत, पण हा माणूस आईकडचा की वडिलांकडचा हे विचारण्याची गरज संपते, आणि त्या गरजेबरोबर कुटुंबाच्या कितीतरी गोष्टी सांगायच्या राहून जातात. तू, तुम्ही आणि आपण यांतून कोणते निवडायचे हे ठरवताना मूल समोरच्याशी असलेले आपले नाते तोलत असते. इंग्रजीत त्याला हा विचार करावा लागत नाही.

शाळा बदलू का? माझे उत्तर आहे: केवळ पश्चात्तापापोटी बदलू नका. लहान वयात मुलाला समजणाऱ्या भाषेतून शिकवणे उत्तम, हे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगितले होते आणि त्यानंतर त्याला बळकटीच मिळत गेली. मुलगा तीन वर्षांचा असता तर मी मराठी शाळेचाच आग्रह धरला असता. पण सात वर्षांचे मूल म्हणजे धोरण नव्हे. धोरणे बदलणाऱ्यांनाही ती सोपी गेलेली नाहीत. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. मधल्या मुलांचे शालेय आयुष्य या हेलकाव्यांत गेले. तुमचा मुलगा आपल्या शाळेत रमला असेल, मित्र जमवले असतील, तर त्याला तिथेच राहू द्या. शाळेकडून भाषा वाचवण्याची अपेक्षाही फार करू नका. आयर्लंडमध्ये आयरिश ही १९३७ च्या राज्यघटनेनुसार पहिली राजभाषा आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुले ती शाळेत शिकत आली आहेत, आणि २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला ती येते असे सांगितले. पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. उलट न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी १९८२ मध्ये जी बालकेंद्रे सुरू केली, त्यांत आज्या आणि आजोबा लहान मुलांशी दिवसभर माओरीतच बोलत. आईबापांच्या पिढीत तुटलेला धागा त्यांनी आजीच्या हाताने नातवंडांशी जोडला. ‘भाषेचे घरटे’ असा त्या केंद्रांच्या नावाचा अर्थ आहे. तुमच्या घरात आजोबा आहेतच.

शेवटी तुमच्या लेखनाविषयी, कारण तिथे मला सर्वाधिक आशा आहे. होय, लिहायला लागा. पण शोधनिबंधाचे भाषांतर करू नका. मी अनेक वर्षे शास्त्रीय मजकुराचे संपादन केले आहे आणि अशा भाषांतरांनी मराठीचे जे हाल होतात ते जवळून पाहिले आहेत: ‘सदर अभ्यासाद्वारे असे निदर्शनास आणून देण्यात येत आहे की’ अशा वाक्याने उघडणारा लेख मराठी शब्दांत असतो, मराठीत नसतो. तो वाचताना खेडूतच नव्हे, मीही झोपते. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक संज्ञेसाठी संस्कृतातून सात अक्षरी शब्द कोरून काढण्याची. पाणी साठवणाऱ्या थराला ‘जलधर’ म्हणतात, तो शब्द सुटसुटीत आहे, तो घ्या. जिथे असा शब्द नाही तिथे इंग्रजी शब्द ठेवा आणि पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगा. आइसलँडच्या लोकांनी संगणकासाठी संख्या आणि भविष्यवेत्ती स्त्री या अर्थांच्या दोन जुन्या शब्दांतून ‘तोल्वा’ हा शब्द केला, आणि टेलिफोनसाठी धागा या अर्थाचा विसरलेला ‘सीमी’ हा शब्द परत बोलावला. हे शब्द रुजले ते लहान होते, उच्चारायला सोपे होते आणि लोकांनी लगेच वापरात आणले म्हणून. एक समिती शब्द करते आणि दुसरी समिती त्यांचा कोश छापते, तेवढ्याने रुजत नाहीत.

तुमच्या जागी मी असते तर पहिला लेख असा लिहिला असता. एका सुट्टीच्या दिवशी वडिलांना, मुलाला आणि एक वही घेऊन बसले असते. वडिलांना खडकाच्या, मातीच्या, पाण्याच्या आणि अवजारांच्या जेवढ्या संज्ञा आठवतील तेवढ्या सांगू द्या. प्रत्येक थर कसा ओळखायचा, त्याचा आवाज कसा, रंग कसा, पाणी किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे विचारा. लिहिण्याचे काम मुलाकडे द्या. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल, शुद्धलेखन आजोबा तपासतील. तुम्ही प्रत्येक शब्दापुढे तुमच्या शास्त्रातील संज्ञा लिहा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा, कारण त्या जागी एक तर वडिलांचे निरीक्षण अपुरे असेल किंवा तुमचे वर्गीकरण. मग ते पान समोर ठेवून वडिलांनी विचारलेल्या त्याच प्रश्नाचे उत्तर लिहा, दीड-दोन हजार शब्दांत, आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे थांबवतील तिथे पुन्हा लिहा.

तो लेख तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी लाल पेन घेऊन वाचेन. इंग्रजी शब्दांवर खूण करणार नाही, पण ‘करण्यात येते’ जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा खोडीन. आणि मुलाने लिहिलेल्या वहीच्या पहिल्या पानाची एक प्रतही त्यासोबत जोडा.

तुमची,
सदरलेखिका